बासष्टचा अहवाल कुठे आहे?

१२ मे २०२५. बुद्धपौर्णिमा. पोशीरच्या विहारात त्रिशरण-पंचशील झाले, खीर वाटून झाली आणि माणसे नेहमीप्रमाणे बाहेर ओट्यावर येऊन बसली. दोनच दिवसांपूर्वी सीमेवरचा गोळीबार थांबला होता. त्याआधीच्या रात्री टीव्हीवाल्यांनी कराचीचे बंदर जाळले होते, पाकिस्तानची शहरे घेतली होती आणि सकाळ होताच त्यातले एकही वाक्य परत घेण्याची तसदी न घेता पुढच्या बातमीकडे वळले होते. रात्री आठ वाजता पंतप्रधान देशाला उद्देशून बोलणार होते. पोरे मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती. तेवढ्यात महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आमच्याकडचे एक काका, एकाहत्तरची लढाई पाहिलेले, मला म्हणाले, "वकीलसाहेब, बासष्टच्या लढाईचा तो रिपोर्ट निघाला का हो?"

मी म्हणालो, "नाही काका. अजून नाही."

"मग आजच्या लढाईचा कधी निघायचा?"

यावर मला काही बोलता आले नाही. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे कोणी आपल्याला देशप्रेमाचे धडे द्यायला येणार नाही. कोरेगाव भीमापासून महार रेजिमेंटपर्यंत ज्या समाजाने रक्त दिले, त्याला सीमा काय असते हे कोणी शिकवू नये. पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्राची होती, तीन तर आमच्याच लोकल लाईनवरच्या डोंबिवलीची. त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा होऊ नये असे म्हणणारा माणूस या ओट्यावर नव्हता आणि नाही. प्रश्न वेगळा आहे. जवानाची जबाबदारी कायद्याने पक्की बांधलेली आहे. ठाणे सोडले तर कोर्ट मार्शल, हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल. मग जो हुकूम देतो, जो देशाला अर्धे सांगून अर्धे लपवतो, ज्याच्या चुकीच्या अंदाजावर हजारो पोरे बर्फात पाठवली जातात, त्याचे कोर्ट कोणते?

१९६२ चे प्रकरण नीट पाहिले तर याचे उत्तर मिळते. चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधला हे सरकारला कळले होते. १८ ऑक्टोबर १९५८ ला दिल्लीने चीनकडे लेखी तक्रारही केली. पण देशाच्या संसदेला ही गोष्ट कळली ती ऑगस्ट १९५९ मध्ये. म्हणजे जे पेकिंगला माहीत होते, दिल्लीच्या सचिवालयाला माहीत होते, ते भारताच्या मतदाराने निवडून दिलेल्या खासदाराला दहा महिने माहीत नव्हते! या दहा महिन्यांत 'भाई-भाई'चे वातावरण टिकवून ठेवले गेले. नंतर लोकांचा संताप उसळला, तेव्हा नेहरूंनी श्वेतपत्रिका काढल्या आणि मग त्याच संतापाला सरकार बांधले गेले. तडजोडीचे बोलले तर देशद्रोह, आणि लढायचे म्हटले तर तयारी नाही.

२ नोव्हेंबर १९६१ ला पंतप्रधान, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, लष्करप्रमुख थापर, गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक अशा मोजक्या मंडळींच्या बैठकीत पुढे-पुढे चौक्या टाकत जाण्याचे धोरण ठरले. चीन काही करणार नाही हा अंदाज होता. पुढे जायचे पण मागे भक्कम तळ उभारून जायचे, अशी त्या निर्णयात अट होती. लष्करी मुख्यालयाचा आदेश निघाला तेव्हा ही अट गळाली होती. सप्टेंबर १९६२ मध्ये ईशान्येकडे चिनी सैन्याला हुसकावून लावायचे ठरले, तेव्हा लष्करप्रमुखांनी हुकूम लेखी मागितला. तो मिळाला, पण त्याच्यावर सही पंतप्रधानांची नाही, संरक्षणमंत्र्यांची नाही, तर मंत्रालयातल्या एका सहसचिवाची! आम्ही कोर्टात काम करणारी माणसे. सातबाराच्या फेरफारावर कोणाची सही आहे यावरून वर्षानुवर्षे दावे चालतात. इथे देशाच्या लढाईच्या कागदावर जबाबदार माणसाची सही नाही. संरक्षणमंत्र्यांच्या बैठकांची टिपणे ठेवायची नाहीत असेही ठरले होते. टिपण नाही म्हणजे पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे आरोपी नाही.

मग १२ ऑक्टोबरला कोलंबोला निघालेल्या नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ काय लावला असेल हे सांगायला नको. नमका चू नदीकाठी त्या वेळी जवान सुती कपड्यांत, मोजक्या गोळ्या घेऊन उभे होते. त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी वरिष्ठांना हे कळवत होते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि दोन दिवसांत दळवी स्वतः कैदी झाले. सरकारी आकड्यांप्रमाणे या लढाईत १३८३ जवान मारले गेले, १६९६ बेपत्ता झाले, ३९६८ कैदेत गेले.

हल्ला चीनने केला, यात वाद नाही. नेहरूंनी युद्ध हवे म्हणून खोटे रचले असाही माझा आरोप नाही. टोनी ब्लेअर आणि नेहरू यांना एकाच पारड्यात बसवणे अन्यायाचे होईल. पण आपली ताकद किती, सीमेवर खरे काय चालले आहे, शत्रू काय करू शकतो, या तिन्ही बाबतींत देशाला जे सांगितले गेले ते खरे नव्हते, आणि त्या असत्याची किंमत सांगणाऱ्यांनी दिली नाही.

आता बाबासाहेबांकडे येऊ. कारण हे सगळे होण्याच्या अकरा वर्षे आधी एका माणसाने या रोगाचे निदान केले होते आणि त्याचे कोणी ऐकले नव्हते.

बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तो हिंदू कोड बिलावरून, एवढेच शाळेच्या पुस्तकात असते. त्यांचे १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन आपल्यातल्या किती जणांनी मुळातून वाचले आहे? ते सभागृहात वाचण्याआधी प्रत द्या, अशी अट घातली गेली म्हणून बाबासाहेब सभागृहातून उठून गेले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. त्यात परराष्ट्र धोरणावर स्वतंत्र मुद्दा आहे. सरकारचे वर्षाचे उत्पन्न ३५० कोटी आणि त्यातले १८० कोटी लष्करावर, हा हिशेब त्यांनी मांडला, आणि एवढा खर्च करावा लागतो कारण आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असे बजावले. त्याहून महत्त्वाचा भाग मंत्रिमंडळाच्या कामकाजाचा आहे. परराष्ट्र आणि संरक्षण हे विषय दोन समित्यांत निकालात निघतात, त्या समित्या पडद्याआड चालतात, बाकीच्या मंत्र्यांनी झालेल्या निर्णयांची नुसती नोंद घ्यायची आणि सामुदायिक जबाबदारी मात्र सगळ्यांनी वाहायची, ही अशक्य स्थिती आहे, असे त्या निवेदनाचे म्हणणे होते.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष हे सांगत होता! अनुच्छेद ७५ मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे असे लिहिलेले आहे. पण ज्याला माहितीच नाही तो जबाबदार कसा? जबाबदारी आणि माहिती यांची फारकत झाली की जबाबदारी हा नुसता शब्द उरतो. १९६१ ची ती बैठक आणि टिपणे न ठेवण्याचा तो प्रकार बाबासाहेबांनी १९५१ साली पाहिलेल्या पडद्याचेच पुढचे टोक होते.

२६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत बाबासाहेब पुन्हा बोलले. चीनशी झालेल्या 'पंचशील' कराराचा गाजावाजा चालू होता. आमचा बुद्धाचा शब्द उचलून राजकारणाच्या करारावर चिकटवला होता. बाबासाहेबांनी विचारले की माओचा पंचशीलावर खरा विश्वास असता तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना त्याने वेगळी वागणूक दिली नसती का? तिबेट चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या दाराशी आली, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा या बोलण्याला कोणी किंमत दिली नाही. आज दिल्लीतले तज्ज्ञ हेच पुस्तकातून मांडतात, आणि बाबासाहेबांचा उल्लेख तळटीपेतही नसतो. असो. आपल्याला याची सवय आहे.

चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. करारावर पंचशील छापणाऱ्यांनी देशापुढे हे चौथेच मोडले.

मुंबईचा या गोष्टीत मोठा वाटा आहे, तो महाराष्ट्रात फारसा आठवला जात नाही. कृष्ण मेनन उत्तर मुंबईचे खासदार होते. फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे होते आणि प्रचाराचा मुद्दाच संरक्षणाचा होता. चीन आत आला आहे, मंत्री काय करतो, हा प्रश्न सभांतून विचारला जात होता. नेहरू स्वतः प्रचाराला आले, ही निवडणूक त्यांनी आपल्या धोरणावरचा कौल केली. मेनन लाखाहून जास्त मताधिक्याने आले. आठ महिन्यांत लढाई झाली. काँग्रेसचेच खासदार उठले म्हणून ७ नोव्हेंबरला मेनन यांना जावे लागले, थापर आणि कौल हे सेनाधिकारी गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे म्हणत आपण यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला पाठवले. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. बाजूने ६२, विरुद्ध ३४७. नेहरू अखेरपर्यंत पंतप्रधान राहिले.

मेनन यांना मुंबईच्या मतदाराने शिक्षा केली ती १९६७ मध्ये. पण कशासाठी? काँग्रेसने तिकीट नाकारले म्हणून ते अपक्ष उभे राहिले, समोर स. गो. बर्वे होते आणि वर्षभरापूर्वी जन्मलेली शिवसेना बर्व्यांच्या मागे होती. मुद्दा नमका चूचा नव्हता, सुती कपड्यांत गोठलेल्या पोरांचा नव्हता. मुद्दा होता की मेनन 'मद्रासी' आहेत! १३८३ मृत्यूंचा जाब पाच वर्षांत ज्याला कोणी विचारला नाही, त्याला जन्मस्थानाचा जाब विचारला गेला. जबाबदारीची जागा अस्मिता घेते ती अशी. आजच्या राजकारणात हे रोज चालते, फक्त 'मद्रासी'च्या जागी दुसरा कोणी असतो.

लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली. तो काकांचा रिपोर्ट. चौकशी नेमली लष्कराने, आणि तीही लष्करी कारवाईपुरती. राजकीय निर्णय तिच्या कक्षेत नव्हता. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले, अहवाल मात्र ठेवला नाही. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. २०१० मध्ये काँग्रेसचे संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की मजकूर आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे. मार्च २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात राहणारे पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला मोठा भाग जगासमोर टाकला. त्याच महिन्यात राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी लिहिले की असे कागद कायम दडवून ठेवता येत नाहीत. मे महिन्यात सत्ता बदलली, जेटली संरक्षणमंत्री झाले, आणि जुलैमध्ये त्याच जेटलींच्या मंत्रालयाचे उत्तर आले की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. चार महिने! नेहरूंना रोज शिव्या घालणाऱ्यांनाही नेहरूंच्या काळातली ही पेटी उघडायची नाही. कारण पेटी एकदा उघडली की उद्या त्यांचीही उघडावी लागेल. जून २०२० मध्ये गलवानमध्ये २० जवान गेल्यानंतर पंतप्रधानांनी सर्वपक्षीय बैठकीत सांगितले की आपल्या हद्दीत कोणी शिरलेले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला. मग ते २० जवान कुठे आणि कशासाठी लढत होते?

राजीव गांधींनी १९८७ मध्ये श्रीलंकेत फौज पाठवली ती शांती राखायला, असे देशाला सांगितले. तिथे अकराशेहून जास्त जवान गेले. त्यात ८ महारचे मेजर परमेश्वरन होते, मरणोत्तर परमवीर चक्र. जाफन्यात काय चुकले याचा कारगिलसारखा अहवाल देशापुढे कधी आला नाही. कारगिलचे नाव मी मुद्दाम घेतले. ५२७ जवानांच्या बलिदानानंतर सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग वगळून का होईना, संसदेसमोर आला. देश बुडाला नाही. २०२५ मध्ये विमाने पडल्याचे देशाला आधी सरकारकडून नव्हे तर सिंगापूरला गेलेल्या संरक्षणप्रमुखांच्या मुलाखतीतून कळले, संसदेत चर्चा जुलैच्या अखेरीस झाली, आणि कारगिलसारखी समिती नेमा म्हणणाऱ्यांना शत्रूची भाषा बोलणारे ठरवले गेले.

कायद्याचे बोलायचे तर भोक कुठे आहे ते पाहा. 'युद्ध आणि शांतता' हा विषय केंद्राच्या यादीत आहे, पण लढाई सुरू करण्यापूर्वी संसदेची परवानगी घ्यावी अशी तरतूद घटनेत नाही. गंमत अशी की आणीबाणी पुकारायची असेल तर अनुच्छेद ३५२ प्रमाणे मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो आणि महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. ही दुरुस्ती १९७८ ची, इंदिरा गांधींच्या आणीबाणीचे चटके बसल्यानंतरची. म्हणजे नागरिकाचे हक्क गोठवायला लेखी निर्णय हवा, आणि नागरिकाच्या मुलाला मरायला पाठवायला सहसचिवाची सही चालते. मंत्री सभागृहात खोटे बोलला तर अनुच्छेद १०५ मुळे कोणतेही न्यायालय त्याला हात लावू शकत नाही. हक्कभंगाचा ठराव हाच उपाय, आणि तो ज्या सभागृहात मांडायचा तिथे बहुमत त्याचेच.

ही फक्त आपली अडचण आहे असे नाही. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत, ती ४५ मिनिटांत डागता येतील, असे ब्रिटनच्या जनतेला २००२ मध्ये कागदोपत्री सांगितले गेले. १८ मार्च २००३ ला त्यांच्या संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली. शस्त्रे सापडली नाहीत. ब्रिटनचे १७९ सैनिक गेले, इराकी किती मेले याची मोजदादही धड नाही. चिल्कॉट चौकशीने सात वर्षे घेतली, २०१६ मध्ये बारा खंडांचा अहवाल दिला आणि ब्लेअर सरकारचे वाभाडे काढले. पुढे काय? ब्लेअर यांची आणखी चौकशी करण्याचा ठराव त्याच वर्षी ४३९ विरुद्ध ७० मतांनी पडला. तरीही तिथे कागद बाहेर आले, माजी पंतप्रधानाला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारले गेले, रॉबिन कुक यांच्यासारखा मंत्री युद्धाआधी राजीनामा देऊन उठला. आपल्याकडे एवढेही नाही. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती सांगितली पाहिजे. अमेरिकेला २००३ मध्ये इराकसाठी आपले सुमारे सतरा हजार जवान हवे होते. एप्रिलमध्ये लोकसभेने निंदेचा ठराव केला होता, विरोधक आणि जनमत विरोधात होते, आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. सतरा हजार घरे वाचली ती सभागृहात आधी बोलले गेले म्हणून.

आपल्याला यात नवीन काही शोधायचे नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी, प्रेत असे न देता रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचे भांडण असे दिले आहे. सेनापतीने संघात युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने दुरुस्ती सुचवली: दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दोन माणसे निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि आधी चूक कोणाची ते ठरवावे. म्हणजे काय? चौकशी समिती! दुरुस्ती पडली. सैन्यभरतीलाही त्याने विरोध केला, तेव्हा कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त करण्याची धमकी मिळाली, आणि त्याने परिव्रज्या घेतली. आधी चौकशी करा म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची रीत अडीच हजार वर्षांची आहे.

नेरळ-कळंब रस्त्यावर पहाटे पाचला गाडी काढली की भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. ठाकूर-कातकऱ्यांची, कुणब्यांची, आमच्या वस्तीतली. २०२२ पासून अग्निवीर, म्हणजे चार वर्षांनी चारांतले तीन घरी. नोकरी चार वर्षांची झाली, गोळी मात्र पूर्वीइतकीच कायमची आहे. यांच्या आईबापांना वर काय ठरले, कोणी ठरवले, का ठरवले, हे कळण्याचा हक्क नसेल तर लोकशाही म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगावे.

संसदेने ठराव केला तर १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली सरकारला आयोग नेमावाच लागतो, आणि त्याचा अहवाल केलेल्या कारवाईसह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. लढाई थांबल्यापासून ठराविक मुदतीत असा आयोग आपोआप नेमला जाईल, लढाईचा निर्णय मंत्रिमंडळाच्या लेखी ठरावाशिवाय होणार नाही, आणि प्रत्येक बैठकीचे टिपण राहील, एवढ्या तीन दुरुस्त्या मागायला काय हरकत आहे? रिपब्लिकन म्हणवणाऱ्या आपल्या डझनभर गटांपैकी एकाच्या तरी जाहीरनाम्यात हे येऊ द्या. जागावाटपाच्या बैठकीतून वेळ मिळाला तर.

आम्ही पोशीरला तोवर एक काम केले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती द्यावी लागते, पण राष्ट्रीय सुरक्षेचे ८(१)(अ) त्यातून वगळलेले आहे. त्यावर ८(२) आहे, लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानेच धोरण जाहीर केले की युद्धाचे कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले व्हावेत. बासष्टला साठ वर्षे उलटून गेली. हे सगळे मुद्दे घालून अर्ज लिहिला, विहारात मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी चष्मा लावून खाली सही केली, नावापुढे आपला सैनिकी क्रमांक लिहिला. दहा रुपये फी त्यांनीच दिली. मी द्यायला लागलो तर घेऊ देईनात.

"उत्तर काय येईल वकीलसाहेब?"

"नाहीच येईल, काका. मग तीस दिवसांत अपील."

"मग अपिलाचाही कागद आताच करून ठेवा," ते म्हणाले.